जुनी टाकी, नवे इंजिन

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत भर घालून 'व्हिंटेज' गाडी कशाला म्हणायचे ते ठरवून टाकले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात, नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. संग्राहकांची यात चांगली सोय झाली. पण बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्याच्या गावी जी बुलेट चाळीस-पन्नास वर्षे शेतावर, बाजाराला, तहसिलीला राबली ती या व्याख्येत बसणे कठीण, कारण टाकी जुनी असली तरी तिच्या आतले निम्मेअधिक सामान बदललेले असणार. दुसरीकडे, जुन्या घाटाच्या गाडीला डिस्क ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एलईडी दिवा आणि गॅसचे शॉकअप बसवून घेण्याची हौस गेल्या वीसेक वर्षांत वाढली आहे, आणि तिला लोक पुण्या-मुंबईची नवी टूम समजतात. मला हे दोन्ही समज उलटे वाटतात. जुने रूप राखून आतले भाग नवे करत राहणे ही आपल्याकडच्या गाडीकामाची मूळ रीत आहे, आणि कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी हा या इतिहासातला अपवाद आहे.

केजचे ठिकाण पाहिले तर याचे कारण कळते. मांजरसुंब्याहून अंबाजोगाईला जाणारा आणि माजलगाव-धारूरकडून कळंबला उतरणारा असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. रेल्वे नाही. जिल्ह्यात परळीला ती फार आधी आली. खुद्द बीडला नगरहून पहिली गाडी यायला २०२५ साल उजाडले. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली खरी, पण हमरस्त्यावरून आत वस्तीपर्यंतचा प्रवास पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीतच व्हायचा. अशा ठिकाणी वाहन घेणारा माणूस ते कंपनीच्या भरवशावर घेत नाही. मोडले तर गावात कोण नीट करील हे आधी पाहतो.

आणि गावात नीट करणारे होते. जुन्या वाहनाला नवा भाग जोडण्याचा या भागातला सर्वांत मोठा प्रयोग मोटारसायकलीवर झालाच नाही, तो बैलगाडीवर झाला. लाकडी आरे आणि लोखंडी धाव असलेली चाके काढून त्या जागी मोटारीच्या धर्तीची टायरची चाके, बेअरिंगचा आस. लोकांनी तिला टायरच्या कंपनीवरूनच डनलॉप गाडी म्हटले, पुढे नुसतीच टायरगाडी. जू तेच, दांड्या त्याच, बैल तेच; चाक मात्र विसाव्या शतकाचे. केज, धारूर, पाटोदा, शिरूर या बालाघाटावरच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीला निघून पाडव्याच्या सुमाराला परतणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या याच गाडीवर साखर कारखान्यांचा ऊस ओढत आल्या. या गाडीला कुणी बनावट बैलगाडी म्हटल्याचे ऐकिवात नाही. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचेही तेच. किर्लोस्करांचे पुण्यातले किंवा कूपरचे साताऱ्यातले इंजिन शेतात आले की त्याच्यामागून पाना-हातोडी घेऊन फिटर आला, लेथ आला, बुश ओतणारा आला. विजेचे पंप आल्यावर ऑइल इंजिने मागे पडली, पण ते हात रिकामे बसले नाहीत. फटफटीचे काम त्या हातांना जड नव्हते.

फटफटी म्हणजे मुख्यतः बुलेट. इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ मध्ये हे नाव प्रथम वापरले. मागे शॉकअप असलेली युद्धोत्तर ३५० सीसीची बुलेट भारतीय लष्कराला पसंत पडली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात आधी इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची नुसती जुळणी होई. १९६२ पासून सगळे भाग इथेच तयार होऊ लागले. पुढे १९७० च्या सुमाराला इंग्लंडातली कंपनी बंद पडली आणि मद्रासची चालूच राहिली. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ सीसी, ओतीव लोखंडाचा सिलिंडर, वेगळा गिअरबॉक्स, उजव्या पायाला गिअर. हा मूळ आराखडा जवळजवळ अर्धे शतक ढळला नाही. बंद बाजारपेठेत कंपनीला बदलायची गरज नव्हती, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोय नव्हती. मग सुधारणा झाली कुठे? झाली ती गावोगावच्या गॅरेजात.

काय झाली ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या बुलेटच्या क्रँकमध्ये कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला सुटा फिरणारा बुश असे. तेल वेळेवर बदलले आणि गाडी दामटली नाही तर तो टिके. उन्हाळ्यात घाट चढताना, मागे दोन माणसे आणि पुढे पोते असताना टिकत नसे. मिस्त्र्यांनी तिथे रोलर बेअरिंग घालायला सुरुवात केली. सिलिंडर झिजला की बोअर करायचा आणि वीस, मग चाळीस, मग साठ साइजचा पिस्टन घालायचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने मोठा. साठच्या पुढे गेले की नवी लायनर ठोकायची. याचा अर्थ असा, की दोनदा बोअर झालेल्या गाडीचा सिलिंडर कंपनीच्या कागदावर असतो त्या मापाचा उरतच नाही. सहा व्होल्टच्या विजेवर दिवा काजव्यासारखा लागे. तिथे बारा व्होल्टची वायरिंग आली. पॉइंट घासून फट नीट करण्याचा दर महिन्याचा ताप चुकवायला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. जुनी गाडी चालू करणे हीच एक विद्या होती: कॉक उघडायचा, अॅम्पिअर मीटरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळूहळू दाबत काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसरची पट्टी ओढून पिस्टन माथ्याच्या जरासा पुढे सरकवायचा, पट्टी सोडायची आणि मग एकच सणसणीत किक. हिशेब चुकला तर किक उलटी येऊन नडगी फोडी. या प्रकाराला 'अस्सलपणा' म्हणून गौरवणाऱ्या लेखकांना बहुधा ज्वारी काढायला पहाटे शेतावर पोचायचे नसते.

सर्वांत मोठा फेरफार मात्र इंजिनाचाच झाला. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त या सरकारी दरांच्या फरकातून बुलेटच्या सांगाड्यात डिझेल इंजिन बसवण्याची कल्पना निघाली. गॅरेजांत हा उद्योग चालत होताच, आणि कंपनीनेही 'टॉरस' नावाने डिझेल बुलेट विकली. तिच्यात ग्रीव्ह्ज-लाँबार्डिनीचे ३२५ सीसीचे, साडेसहा अश्वशक्तीचे इंजिन होते. पेट्रोलच्या बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती. तिच्यापुढे ही गाडी रडतखडतच चाले, पण लिटरमागे सत्तरच्या वर जाई. ग्रीव्ह्जचा इंजिनांचा कारखाना मराठवाड्यातच, औरंगाबादला. त्याच घराण्याची एक-सिलिंडरची डिझेल इंजिने पुढे बारामतीत तयार होणाऱ्या पियाजिओच्या अॅपे रिक्षांत आली आणि वडाप करत मराठवाडाभर फिरली. त्यामुळे डिझेल इंजिन उघडून बसवणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सहज मिळू लागला. इंग्लंडचा सांगाडा, इटलीच्या आराखड्याचे इंजिन, औरंगाबादचे ओतकाम, आणि हे सगळे एकत्र बांधणारी वेल्डिंग गावच्या चौकातली. यात मूळ कुठले म्हणायचे?

१९८५ नंतर बुलेटची कामाची गरज कमी होत गेली. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. नगरच्या कायनेटिकची लुना तर १९७२ पासूनच रस्त्यावर होती. हलकी, कमी पिणारी, पोराबाळांनाही चालवता येणारी गाडी मिळाल्यावर शेतकऱ्याने बुलेट सोडली यात नवल नाही. बुलेट उरली ती पाटलाकडे, पुढाऱ्याकडे आणि पोलिसांकडे, म्हणजे जिथे पोचण्यापेक्षा येताना ऐकू जाणे महत्त्वाचे. नवरदेवाला गाडी द्यायची वाईट चालही याच काळात फोफावली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण लग्नाच्या बोलणीत 'गाडी कोणती' हा प्रश्न निर्लज्जपणे विचारला जात राहिला. (याच केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. ती प्रथा इतर गावांनी उचलायला हरकत नव्हती.) या टप्प्यावर बुलेट वाहनापेक्षा मिरवण्याची वस्तू जास्त झाली. जुन्या रूपाची गाडी हौसेने बांधून घेण्याच्या आजच्या धंद्याचे मूळ तिथे आहे. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'सारख्या कार्यशाळांनी त्या हौसेला व्यवसायाचे रूप दिले. गोव्यात २०१३ मध्ये सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमध्ये अशा गाड्या मांडल्या जातात.

मग कारखानदारांना जाग आली. एनफिल्डने आधी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने अॅल्युमिनियमचे इंजिन आणले, गिअर उजवीकडून डावीकडे नेला, २००८-०९ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात घातले. ते इंजिन घालून २००९ मध्ये जी 'क्लासिक' काढली तिचे रूप मात्र १९४० च्या दशकाच्या अखेरच्या गाडीवरून बेतलेले होते. २०२१ च्या क्लासिकचा बोअर ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५.८, म्हणजे जुन्या बुलेटचे मापही आता तिच्यात नाही. महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजंड्सने २०१८ मध्ये जावा परत आणली. मूळ जावा टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारी. नव्या जावाचे २९३ सीसीचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे, तरी त्यावर जुन्यासारख्या पाकळ्या काढल्या आहेत. सिलिंडर एकच असून सायलेन्सर दोन ठेवले, कारण जुनीला दोन होते. चाकणला बजाज बनवते त्या ट्रायम्फ स्पीड ४०० वरही पाण्याचा रेडिएटर आणि हवेच्या पाकळ्या एकत्र नांदतात. या गाड्या चांगल्या आहेत, त्यांच्यावर टीका करण्याचा हेतू नाही. मुद्दा इतकाच की जुन्या रूपात नवे यंत्र घालण्याचे काम कंपनीने केले की त्याला 'वारसा' म्हणतात आणि केजच्या मिस्त्र्याने केले की 'फेरफार'. मिस्त्र्याच्या गाडीत निदान टाकी, सांगाडा आणि मडगार्ड तरी खरोखर जुने असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की गरजेपोटी बदललेला बुश आणि हौसेपोटी लावलेला एलईडी दिवा यांना एका पंक्तीला बसवणे ही लबाडी आहे. आक्षेप वजनदार आहे. जुना मिस्त्री गाडी चालती ठेवण्यासाठी बदल करी. आजचा तरुण चालती गाडी दिसण्यासाठी कापून घेतो. पण इतिहासात ही रेघ इतकी सरळ सापडत नाही. ज्या शेतकऱ्याने डनलॉप चाके घेतली त्यानेच गाडीच्या साट्याला रंग दिला. ज्याने बारा व्होल्टची वायरिंग करून घेतली त्यानेच पुढे चकचकीत क्रॅशगार्ड लावला. परदेशातही तेच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या मोडीत निघालेल्या हार्ली स्वस्तात मिळू लागल्या. तरुणांनी मडगार्ड कापून, नको ते सामान उतरवून त्या हलक्या केल्या, आणि त्या कापाकापीतून 'बॉबर' नावाची शैली फोफावली. इंग्लंडात १९५० च्या दशकात नॉर्टनचा सांगाडा उत्तम आणि ट्रायम्फचे इंजिन दमदार म्हणून दोन्ही जोडून 'ट्रायटन' तयार झाली. वेग हे कारण होते, देखणेपण मागून आले. गरज आणि हौस एकाच लेथवर, एकाच माणसाच्या हाताखाली चालतात. हौशी गिऱ्हाईक नसते तर बोअर मारणारा आणि जुना कार्ब्युरेटर जमवणारा माणूस आजपर्यंत टिकला नसता, ही गोष्ट शुद्धतेच्या आग्रही लोकांनी लक्षात घ्यावी.

दुसरा आक्षेप वारशाचा. १९५० च्या दशकातली, इंग्लंडहून आलेले भाग असलेली बुलेट कापून कुणी तिला बॉबर केली तर ती कायमची गेली. हे मला पूर्ण मान्य आहे. अशी गाडी कापू नये, आणि कापणाऱ्या मिस्त्र्यानेच गिऱ्हाइकाला तसे सांगावे. परंतु सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मद्रासच्या बुलेट, दोनदा बोअर झालेल्या, वायरिंग तीनदा बदललेल्या, यांना मूळ रूपात परत नेणे म्हणजे काय? बाजारातून आणलेले नवे कोरे 'ओरिजिनल' भाग लावून जुन्याचा देखावा उभा करायचा आणि गाडीने गावात काढलेली चाळीस वर्षे पुसून टाकायची. रोलर बेअरिंग घातलेला क्रँक हा त्या गाडीचा इतिहासच आहे. तो काढून बुश परत बसवणाऱ्याने इतिहास जपला असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि सुरक्षेचा, आणि इथे गॅरेजवाल्यांची बाजू सर्वांत लंगडी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. याला कारणे आहेत. इंजिन आणि चेसिसचे नंबर खोडणे हा चोरीच्या गाड्यांचा जुना मार्ग आहे. सांगाडा कापून चुकीच्या जागी जोडला तर तो भर रस्त्यात तुटतो. आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरांचे समर्थन कुठल्याही परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, बरे केले.

पण कायदा ज्या टोकाला जाऊन थांबतो तिथे एक विचित्र जागा मोकळी राहते. ड्रमचा ब्रेक काढून डिस्क बसवणारा आणि सायलेन्सर फोडून वाजवणारा, दोघांकडेही संशयानेच पाहिले जाते; वास्तविक पहिला रस्ता सुरक्षित करतो आहे. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना सरकारनेच एबीएस सक्तीचे केले, आणि जुन्या गाडीचा ब्रेक सुधारण्याचा सोपा सरळ मार्ग मात्र ठेवला नाही. याच कलम ५२ मध्ये दहा किंवा त्याहून अधिक व्यावसायिक वाहनांच्या मालकाला त्याच बनावटीचे इंजिन आगाऊ मंजुरीवाचून बदलू देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. एका बुलेटच्या मालकासाठी अशी तरतूद नाही. इंधन बदलायचे असेल तर मात्र वाट आहे. ठाण्याच्या एका कंपनीने स्प्लेंडरचे इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याचा संच तयार केला आणि त्याला रीतसर मान्यता मिळाली. अख्खे इंजिन काढून मोटर बसवणे तपासून मंजूर करता येते, तर ब्रेक, दिवे, इग्निशन आणि शॉकअप यांचे तपासलेले संच मंजूर करून त्यांची नोंद आरसीवर घ्यायला अडचण कसली? तपासणी करणारी एआरएआय संस्था पुण्यातच, १९६६ पासून आहे. संचाची चाचणी एकदा तिथे व्हावी, बसवणाऱ्या मिस्त्र्याला आयटीआयच्या धर्तीवर परवाना मिळावा, आणि गाडी अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात दाखवून त्या बदलाची ओळ पुस्तकात चढावी. चोरीचा माल पकडायलाही नोंद असलेला बदल उपयोगी, चोरून केलेला निरुपयोगी.

परिवहन खात्याने हे करायला वेळ लागेल. तोवर केज-धारूर-अंबाजोगाईकडे ज्यांच्या दारात जुनी बुलेट, राजदूत किंवा येझदी उभी आहे त्यांना एक विनंती आहे. गाडीला नवे काही बसवायचे तर खुशाल बसवा, आधी नियम बघा, सांगाड्याला आणि नंबरांना हात लावू देऊ नका. काढलेला भाग भंगारवाल्याला घालू नका; तेल लावून, चिंधीत गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. जुने आरसी बुक, स्पेअरपार्टची बिले आणि काम केलेल्या मिस्त्र्याचे नाव एका वहीत उतरवून ठेवा. या धंद्याचा इतिहास आजवर कुणी लिहिला नाही, आणि लिहायला बसणाऱ्याला उद्या तीच वही लागेल.